सतरावा बार

आमच्या वस्तीत घड्याळं होती, पण दुपारचा एक वाजला हे कुणी घड्याळात पाहत नसे. एकला पाच मिनिटं असताना लिंबाला टांगलेला रुळाचा तुकडा ठणठण वाजायचा आणि सगळी वस्ती घरं उघडी टाकून डोंगराच्या आडोशाला जाऊन बसायची. भाकरी तव्यावर असली तर तव्यासकट खाली उतरवायची. तान्ही पोरं रडू नयेत म्हणून त्यांना छातीशी लावायचं. मग खाणीत सुरुंग उडायचे. सुरुंगाला आम्ही बार म्हणायचो, आणि बार मोजायचं काम माझं होतं.

वाघोलीच्या पुढे, नगर रस्ता सोडून आत गेलं की एक काळा डोंगर होता. होता असंच म्हणायला पाहिजे. त्याच्या एका अंगाला दगडखाण आणि दुसऱ्या अंगाला, उतारावर, आमची वस्ती. डबर एकावर एक रचून भिंती, वर पत्रा. मी आलो तेव्हा विशीत होतो, लग्नाला वर्ष झालं नव्हतं. गाव यवतमाळकडचं. गावाहून शाळा दोन ओढे ओलांडून होती. पावसाळ्यात महिनाभर बुडाली की परत जायची लाज वाटायची. सातवीत असताना अशाच एका पावसाळ्यानंतर मी गेलोच नाही. मास्तर विचारायला घरी आले होते. मी कणगीमागे लपलो. त्यांनी दारातूनच पाणी पिऊन परत जाताना माझ्या आईला म्हटलं, ‘पोरगा हुशार आहे, पण भित्रा आहे.’ ते खरंच होतं, अजूनही आहे.

खाणीत बार भरण्याचं काम एक मिस्त्री करायचे. जवळच्याच गावचे, साठीला आलेले. लहानपणी याच डोंगरावर त्यांनी गुरं चारली होती आणि आता तोच डोंगर ते फोडत होते. पहिल्या दिवशी त्यांनी मला विचारलं, “किती शिकला?”

“सातवी.”

“पास का?”

“पास व्हायच्या आधीच सुटली.”

“पन्नासपर्यंत येतं का?”

“शंभरपर्यंत येतं.”

“पन्नास बास हाय. शंभर बार उडाले तर मोजायला कोन राहनार हाय?”

आठवडाभर मी डबर उचललं. त्या आठवड्यात कुठे पहार पडली, ट्रकचं फळकं आदळलं, की मी उडायचो. बाकीचे हसायचे. मिस्त्री हसले नाहीत. ते मुकादमांना म्हणाले, “ह्याला पान हाललं तरी कळतंय. ह्यालाच बसवा मोजायला.” आयुष्यभर ज्या गोष्टीची मला लाज वाटत आली तिच्यासाठी मला काम मिळालं. या माणसाचे उपकार मी कशात मोजू, मला अजून कळलेलं नाही.

मोजायची रीत साधी होती. सकाळी खडकात भोकं मारून झाली की मिस्त्री प्रत्येक भोकात दारूचे तोटे भरायचे, वात लावायचे. मी त्यांच्या मागे चालायचो. एक भोक भरून झालं की ते माझ्या हातावर एक खडा ठेवायचे. तो खडा डाव्या खिशात. वाती पेटवून ते वर आले की मी कड्यावरच्या एका ठोकळ्यावर बसायचो. एक बार उडाला की एक खडा डाव्या खिशातून उजव्या खिशात. डावा खिसा रिकामा झाला की मी उभा राहून ओरडायचो, “भरले!” त्याआधी कुणीही जागचं हलायचं नाही. डाव्या खिशात खडा उरला, तर कुठल्या तरी भोकात बार तसाच बसलेला आहे. त्याला म्हणायचं मुका. मुका असला की त्या दिवशी खाण बंद.

सगळी वस्ती माझ्या तोंडाकडे बघत बसायची. म्हातारी माणसं, लेकुरवाळ्या बाया, मुकादम, ट्रकचे ड्रायव्हर. सातवीतून सुटलेल्या माणसाकडे इतकी माणसं गप्प होऊन बघतायत, हे मला रोज नवीनच वाटायचं. “भरले” म्हटल्यावर जो सुस्कारा यायचा, तो मी दुसरीकडे कुठे ऐकलेला नाही.

मुकादम बिबवेवाडीहून स्कूटरवर यायचे. पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं. त्यांचं बोलणं पुण्याचं. मला ते मोजणीसाहेब म्हणायचे. “काय मोजणीसाहेब, आज कान घरी विसरलात का बरोबर आहेत?” मी पहिले सहा महिने याला शिव्या समजायचो. नंतर कळलं की मोजणीसाहेब म्हणायचे थांबले की मगच घाबरायचं.

ती वर्षं डोंगराची भरभराटीची होती, म्हणजे आमची. कंप्युटरच्या कंपन्या पुण्यात यायला लागल्या होत्या आणि सगळ्या पुण्याला खडी पाहिजे होती. ट्रक रांगेने उभे असत. यवतमाळकडची, नांदेडकडची माणसं येत गेली. चाळीस घरांची दीडशे झाली. पिठाची गिरणी आली, पत्र्याची शाळा आली, पिवळ्या डब्यातला फोन आला. कुणीतरी बुधवार पेठेतून जुना टीव्ही आणला, तो पहिल्या दिवशी देवासारखा टेबलावर ठेवून त्याला कुंकू लावलं होतं. संध्याकाळी खडी फोडणाऱ्या मशीनची धूळ खाली बसली की खालच्या अंगाला खराडीकडच्या इमारतींचे सांगाडे दिसायचे. दर महिन्याला ते उंच व्हायचे आणि आमचा डोंगर तेवढा खाली जायचा. मला ते बघताना अंगावर काटा यायचा. डोंगर कुठे नाहीसा होत नव्हता, तो चालत तिकडे चालला होता.

सुरुवातीला खाण म्हणजे डोंगराला घेतलेला एक घास होता. पाचव्या-सहाव्या वर्षी ती विहीर झाली. तीन बाजूंनी सरळ उभे कडे, खाली बघितलं तर माणसं बोटाएवढी. आणि इथेच माझं चुकलं.

त्या दिवशी सतरा भोकं होती. सतरा खडे. बार उडायला लागले. मी एकेक खडा हलवत गेलो. पंधरा. सोळा. मग जरा थांबून, बारीकसा, सतरावा. डावा खिसा रिकामा. मी उभा राहिलो आणि म्हणालो, “भरले!”

सुस्कारा आला. पाट्या उचलून बाया उतरायला लागल्या. माझी बायको पुढच्या चारपाचजणींत होती, हिरवं लुगडं. मी ठोकळ्यावर बसूनच राहिलो. कानात काहीतरी खुपत होतं. सतरावा बार बारीक होता. त्याने पायाखालचा दगड हलला नव्हता. आणि तो समोरून आला नव्हता, माझ्या मागच्या कड्याकडून आला होता. मागच्या कड्यात भोकं नव्हतीच.

तेव्हा मला कळलं. खाण इतकी खोल झाली होती की डोंगर आता उलट बोलायला लागला होता. मी सोळाव्या बाराचा पडसाद मोजला होता.

मी लगेच ओरडलो असं लिहायला मला आवडलं असतं. मी लगेच ओरडलो नाही. ‘चुकलं’ म्हणायची मला भीती वाटली. बायका अर्धा उतार उतरून जाईपर्यंत मी खिशातले खडे चाचपत बसलो होतो. मग ते हिरवं लुगडं कड्याच्या सावलीत शिरताना दिसलं आणि माझ्या घशातून काय निघालं मला माहीत नाही. मी धावत जाऊन रूळ बडवायला लागलो. माणसं थांबली, वर बघितलं, पाट्या टाकून पळत वर आली.

मुकादम कपाळाला हात लावून म्हणाले, “वा! आधी भरले, आता रिकामे. मोजणीसाहेब, एकदा ठरवा काय ते. खाली आठ ट्रक उभे आहेत, त्यांना सांगतो की साहेबांचा निकाल राखून ठेवलाय.”

मिस्त्री एकटे खाली गेले. बराच वेळ उकिडवे बसून ढिगात बघत होते. वर आले तेव्हा चेहरा मातीसारखा झाला होता. कोपऱ्यातलं भोक तसंच होतं. वात आत जाऊन विझली होती. बाया जिथे पाट्या भरायला बसणार होत्या, तिथून ते हातभर होतं.

मुका निघाला तर शेजारी नवं भोक मारून तो उडवतात. पण तिथे खडकाला उभी भेग होती आणि तोटे भेगेत कुठवर सरकलेत ते मिस्त्रींना कळेना. दोन दिवस त्यांनी विचार केला. मग त्यांनी त्या भोकाभोवती चुन्याचं कडं काढलं, परातीएवढं, आणि सांगितलं, “हा कोपरा सोडायचा. खान दुसरीकडनं न्या.” मुकादमांनी बिबवेवाडीच्या भाषेत पुष्कळ ऐकवलं, पण कोपरा सुटला. त्या खाणीत मिस्त्रींच्या शब्दापुढे कुणाचं चालत नसे.

मला वाटलं माझं काम गेलं. मिस्त्रींनी माझ्या उजव्या खिशात हात घातला, एक खडा काढला आणि माझ्या हातावर ठेवला. “ह्यो न्हाई गेला. ह्यो संभाळ. आन उद्यापासनं पायानं मोज. पडसादानं पाय हालत न्हाई.”

त्या वर्षापासून रीत पडली. खंडेनवमीला घण, पहारी, मशीन सगळं धुऊन पुजलं की मिस्त्री आणि मी चुन्याची बादली घेऊन कोपऱ्यात जायचो आणि चुन्याच्या त्या कड्यावर नवा हात द्यायचो. हळदकुंकू, एक नारळ, तो मात्र तिथे फोडायचा नाही, वर आणून फोडायचा. मुक्याजवळ काही आपटायचं नाही. बाकीचे लांब उभे राहून हात जोडायचे. तो खडा माझ्या घरी देवांमध्ये असायचा.

मग सगळं उतरणीला लागलं. ज्या सोसायट्या आमच्या खडीने उभ्या राहिल्या त्याच आमच्या डोंगराच्या पायथ्याशी आल्या. त्यांच्या गॅलरीत धूळ यायची, बाराने काचा थरथरायच्या. त्यांचंही खरंच होतं. एक वाजता आम्ही डोंगरामागे जायचो, त्यांनी कुठे जायचं? आधी बार कमी झाले, मग बंद. मशीन उचलून लांब दुसऱ्या खाणीवर नेलं. माणसं मशीनमागे गेली. जाताना पत्रे काढून नेले, दारं काढून नेली. डबराच्या उघड्या भिंती राहिल्या. गिरणी गेली त्या दिवशी बायको रडली. मला वाटलं होतं की शाळा गेली तेव्हा रडेल. मुकादम शेवटच्या दिवशी स्कूटरला किक मारता मारता म्हणाले, “चला मोजणीसाहेब, आता मोजा गेलेली माणसं.” आणि पहिल्यांदाच माझ्या खांद्यावर हात ठेवला.

आम्ही गेलो नाही. बायकोला खराडीच्या एका काचेच्या इमारतीत साफसफाईचं काम मिळालं होतं. एका रविवारी तिच्या सुपरवायझरने मला वर येऊ दिलं. सातवा मजला. इतकी थंड, इतकी गप्प जागा मी पाहिली नव्हती. रांगेने टेबलं, प्रत्येकावर कंप्युटरचा काळा पडदा. बायको म्हणाली, “इकडं या ना जी,” आणि खिडकीशी नेलं. लांबवर आमचा डोंगर, आणि त्यात खाण, तळहातात धरावी एवढी. तिच्यात पाणी साचलं होतं आणि पाण्यात आभाळ होतं. आपण जन्मभर पोखरलं तिथे आता आभाळ भरलंय, असं वाटून मी नुसता बघत राहिलो. मग मी एका खांबाला हात लावला. आत आमची खडी होती. कुठल्या दिवशीच्या बाराची, कोण जाणे. बायको म्हणाली, “हात पुसून घ्या. मले पुसा लागते मंग.”

मिस्त्री त्याच सुमारास गेले. शेवटचा भेटायला गेलो तेव्हा खाटेवरून म्हणाले, “चुना आता तुझ्याकडं.” मी दरवर्षी देत राहिलो, पाणी चुन्याच्या कड्यावर चढेपर्यंत. त्यानंतर काठावरून नारळ दाखवायचो. जागा मला पाठ होती: लिंबाच्या बुंध्यापासून सरळ खाली, उभी भेग, तिच्या डाव्या हाताला.

खाण बंद झाल्यावर बारा वर्षांनी एका बिल्डरने ती जागा घेतली. पाणी उपसायला पंप लागले. मला तिथे वॉचमनचं काम मिळालं, खाकी शर्ट, शिट्टी, बसायला खुर्ची. त्या खुर्चीबद्दल मी रोज देवाचे आभार मानत होतो. पाणी उतरलं, तळाशी चिखल राहिला, आणि एक दिवस जमिनीत भोकं पाडणारं मोठं पिवळं मशीन दाखल झालं. आठ दिवसांत ते कोपऱ्याकडे येणार होतं. चुन्याचं कडं चिखलाखाली होतं. ते नेमकं कुठे आहे हे माहीत असलेला माणूस पुण्यात मी एकटाच उरलो होतो.

मी चार दिवस गप्प राहिलो. विचारतील, तू कोण? खाणीत मोजायचास? मग त्या दिवशी ‘भरले’ कुणी म्हटलं? पोलीस येतील. खुर्ची जाईल. मला जेवण जाईना. बायकोला सांगावं लागलं नाही, तिला कळलं होतं.

“सांगून टाका ना जी.”

“काम जाईल.”

“गेलं तं जाईन. त्या मशीनवरच्या मानसाच्या घरीबी कोनी वाट पाहून राह्यलं असन.” मग देवातला खडा उचलून तिने माझ्या शर्टाच्या डाव्या खिशात टाकला. “त्या दिवशी तुम्ही वरडले म्हून मी हाव. आताबी वरडा.”

साइटवर एक इंजिनियर मॅडम होत्या, सदाशिव पेठी बोलणं, वय तिशीच्या आत. मी त्यांच्यासमोर टोपी काढून उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. मागच्या कड्याचंही. ‘भरले’ मीच म्हणालो होतो, हेही.

त्यांनी कागदावरून डोळे वर केले. “काका, इतक्या वर्षांपूर्वी तुम्हाला एक आवाज ऐकू आला नाही, म्हणून मी रिग थांबवायची. रिपोर्टमध्ये काय लिहू? वॉचमनच्या मते शांतता संशयास्पद होती?”

“लिहा मॅडम. पण आधी थांबवा.”

“आणि जागा?”

“दाखवतो.”

त्या हेल्मेट घालून उठल्या. “चला. नाही सापडलं तर तुम्ही मला चहा पाजायचा. सापडलं तर मी.”

लिंबाचं झाड राहिलं नव्हतं, पण खुंट होता. तिथून मी सरळ खाली उतरलो, भेगेशी थांबलो आणि डाव्या हाताला बसून हातांनीच चिखल सारू लागलो. मॅडम मागे उभ्या होत्या. कोपरभर चिखल निघाला आणि बोटांना गुळगुळीत लागलं. पांढरं. मी तळव्याने पुसत गेलो तसं कडं उघडं पडत गेलं, पूर्ण गोल, परातीएवढं. दरवर्षीच्या हातांनी चुन्याचा थर करंगळीएवढा जाड झाला होता. इतकी वर्षं पाण्याखाली राहून तो हललेला नव्हता. एका कडेला, माझा हात जिथे फिरला नव्हता तिथे, मिस्त्रींची बोटं उमटलेली होती. अंगठा वाकडा होता त्यांचा, तो ओळखू आला.

मॅडमनी वळून दोन्ही हात वर केले, आणि ते पिवळं मशीन बंद झालं.

मग सुरुंग उडवायच्या परवान्याची माणसं आली. तीन दिवस कोपऱ्याकडे कुणी फिरकायचं नव्हतं. चौथ्या दिवशी त्यांनी भेगेच्या कडेने नवं भोक मारलं, भरलं, आणि सगळ्यांना लांब नेलं. मला कुणी काम सांगितलं नव्हतं, पण मी सवयीने बुटांतून पाय काढून दगडावर उघडे ठेवले. मशीनवाला, गवंडी, मॅडम, सगळे गप्प. ती शांतता मला ओळखीची होती.

बार उडाला. पाय हलले, आतपर्यंत. एकाच बारात दोन होते, नवा आणि आमचा मुका, जाड, पोटातून आलेले. आणि त्यानंतर, जरा थांबून, लांबून दुसरा आवाज आला, बारीक. मी मान वळवली. तिकडे आता डोंगर नव्हता. खराडीच्या इमारती होत्या, उन्हात चमकणाऱ्या. डोंगर गेला होता तिथून उलट बोलत होता. पाय हलले नाहीत. तो मी मोजला नाही.

परवान्याचा माणूस खाली जाऊन आला. कोपरा पूर्ण उघडला होता. जुनं भोक उभं चिरून निघालं होतं, आतून काळं, रिकामं. तो हात हलवून म्हणाला, “साफ आहे.”

मॅडमनी मात्र त्याच्याकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं. “काय काका?”

मी खडा डाव्या खिशातून काढला, उजव्या खिशात टाकला आणि उभा राहिलो.

“भरले,” म्हणालो.